पेन्सिलीतली संकष्टी

याकोबरावांच्या जाण्यानं जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पोरके झाले, असं पुण्याहून आलेले त्यांचे वरिष्ठ अंत्यविधीच्या वेळी म्हणाले. दोन तालुक्यांच्या वतीनं आम्ही एकोणीस जण हजर होतो. त्यातले चार वरिष्ठांच्याच गाडीतून आलेले. बातमी मला सकाळी पिंपरी पेंढारहून त्यांच्या मुलानं फोनवर दिली. बुधवार होता. मी नेमका त्यांच्या वाटणीचं दूध बाजूला काढत होतो...

याकोबराव ख्रिस्ती प्रचारक. नव्वदच्या दशकात सायकलवर आणि पुढं मोपेडवर, दर बुधवारी ते पिंपरी पेंढारहून डिंगोऱ्याला जात आणि वाटेत ओतूरला माझ्याकडे चहाला थांबत. इतर दिवशी आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्या. मी शाळामास्तर, देवाच्या बाबतीत कोरडा. त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी मला कधी पटवलं नाही आणि पटवणं कधी सोडलंही नाही. लोक त्यांना नाही म्हणत नसत. बसायला पोतं टाकत, चहा देत, ऐकून घेत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. पुण्याच्या कार्यालयाला दरमहा अहवाल जाई. त्यातल्या ‘प्रतिसाद’ या रकान्यात ते वर्षानुवर्षं दोनच शब्द लिहीत, ‘ऐकून घेतले.’

एकदा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना बघत आम्ही उभे होतो. ते म्हणाले, ‘‘सर, ह्या रातंदिस आभाळाकडं कान लावून बसल्यात. ह्यांना कुणी इचारतं का, या महिन्यात कितीजण बोललं म्हणून?’’

‘‘त्यांचा अहवाल इंग्रजीत जातो,’’ मी म्हणालो. ते खूप हसले.

कार्यालय दरवर्षी कॅलेंडर छापी. वर बायबलमधलं वचन, खाली तारखा. डिंगोऱ्यात ते कुणी भिंतीला लावेना. ठकूबाई नावाच्या म्हातारीनं कारण सांगितलं, ‘‘पावणं, तुमच्या कॅलेंडरात चतुर्थी न्हाई, आमुशा न्हाई म्हनं. मंग आमी बघायचं काय?’’ याकोबराव विचारात पडले. पुढच्या वर्षी त्यांनी शिंप्याच्या दुकानातल्या कॅलेंडरावरून सगळ्या चतुर्थ्या, एकादश्या, अमावास्या उतरून घेतल्या आणि लाल शाईनं एकेका प्रतीवर लिहिल्या. भिंतीवर लागल्याशिवाय वचन वाचणार कोण, असा त्यांचा साधा हिशेब. एक प्रत आमच्या स्वयंपाकघरात आली. बायकोनं दुसरं कॅलेंडर आणणं बंद केलं.

मग वरिष्ठ दौऱ्यावर आले. ठकूबाईच्या घरात वचनाखाली लाल अक्षरात ‘संकष्टी’ वाचून ते चार माणसांदेखत म्हणाले, ‘‘याकोब, ही साक्ष तू नक्की कुणाची देतोयस?’’

त्या संध्याकाळी याकोबराव माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘सर, इतकी वर्षं फिरलो. तुमी खरं बोलनारा मानूस. एकाच्या तरी मनापतुर काय पोचलं असंल का?’’

मी म्हणालो, ‘‘भिंती तर बऱ्याच मिळवल्यात की.’’

ते हसले. चहा संपवून गेले. त्यानंतर चार महिने बुधवारी मोपेड आली नाही. चांगलं वाक्य सुचलं की ते बोलूनच टाकायचं, ही माझी जुनी खोड. त्या वाक्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मी पिंपरी पेंढारला जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

गेली ती ठकूबाई. एसटीनं, पत्ता विचारत. ‘‘पावणं, आमचं काय चुकलं का?’’ ती दारातूनच म्हणाली. याकोबरावांनी कॅलेंडरची भानगड सांगितली. ती म्हणाली, ‘‘मला कुठं वाचता येतंय? तुमी येऊन वाचायचा, तवा कळायचं. आन् लेक आजारी व्हती तवा तुमी डोळं मिटून बोलला व्हता, ते परत बोला. लई बरं वाटलं व्हतं.’’ ते बोलले. पुढच्या बुधवारी माझ्या दारात मोपेड थांबली. ठकूबाई जत्रेला नारळ फोडतच राहिली. अहवालात ‘ऐकून घेतले’च गेलं. कॅलेंडरवर मात्र ते आता पेन्सिलीनं लिहू लागले. ‘‘सायबांनी खोडा म्हणलं तर खोडता यावं,’’ म्हणाले. मला माझ्या वाक्याबद्दल बोलायचं होतं. दर बुधवारी चहा मध्ये येई.

अंत्यविधीला त्या एकोणीस जणांत ठकूबाई होती. भाषण संपल्यावर तिनं मला विचारलं, ‘‘मास्तर, आता बुधवारी कोन येनार?’’ वरिष्ठ गाडीत बसत होते. मी चपला शोधू लागलो.

यंदाचं कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात आहे. महिना उलटून गेला, पान कुणी उलटलेलं नाही. वर वचन, खाली तारखा, त्यात त्यांचं बारीक, खोडता येण्याजोगं अक्षर. त्या महिन्याची संकष्टी त्यांनी चुकून एक दिवस अलीकडे लिहिली आहे. बायकोनं उपास त्याच दिवशी केला.