भावोजी आणि विहिरीची झोप

आमच्या थोरल्या भावोजींइतकं विहिरीच्या झोपेला जपणारं माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरं झालं नसेल. माणसांच्या झोपेची त्यांना विशेष पर्वा नव्हती. पहाटे ते करकरणारे जोडे घालून माजघरातून जात तेव्हा घरातला एकूण एक जण जागा होई. पण परसातल्या विहिरीपाशी पोचले की हेच भावोजी जोडे काढून चवड्यांवर चालू लागत. विहीर उठता कामा नये.

भावोजी म्हणजे माझ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत त्यांची सारी नोकरी गेली. खाण जमिनीच्या पोटात. बोगद्यांत झिरपणारं पाणी पंप रात्रंदिवस उपसत आणि वर आसपासच्या खेड्यांतल्या विहिरी खाली जात. किती खाली जातात आणि पाणी कसं बिघडतं, हे पाहत सायकलवरून गावोगाव फिरणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर, मूलबाळ नसल्यामुळे, दोघं बसवनगुडीत आमच्याकडे राहायला आली. अक्कानं भांडी आणली. भावोजींनी एक लोखंडी फीत आणली, टोकाला उपड्या वाटीसारखं पितळी वजन लावलेली. ते वजन विहिरीत सोडलं की पाण्याला टेकताना ‘डुब’ असा आवाज येई. त्या आवाजानं भावोजींचा दिवस सुरू होई, आणि त्याच्याआधी आमचा सुरू व्हायला बंदी होती.

कारण शास्त्र असं की, रात्रभर कुणी पाणी काढलेलं नसतं, झरे सावकाश विहीर भरून घेतात, म्हणून पहाटेची पातळी तेवढी खरी. एक कळशी बुडाली की ती खोटी झाली. शास्त्राशी माझं भांडण नव्हतं. पण ह्यांचा डबा, मुलांची शाळा, भिजत घातलेले कपडे अशी माझी कामं मी आदल्या संध्याकाळी कागदावर ओळीनं मांडून ठेवत असे, आणि त्या ओळीच्या तोंडाशी रोज भावोजी फीत घेऊन ओणवे झालेले. मी कळशी घेऊन उभी, हे गालाला साबण लावून उभे.

“भावोजी, झालं का? दूध उतू जाईल.”

“श्श! स्वल्प थांब, इंदू. झोपलीय ती.”

‘स्वल्प’, म्हणजे जरासं, हा बंगळुरात येऊन त्यांनी उचललेला एकच कन्नड शब्द, आणि तोही सगळा माझ्यावरच खर्च होई. मग ‘डुब’. मग फितीवरची ओल निरखणं. मग प्रसन्न मुद्रेनं परवानगी : “हं, काढा आता.”

मोजण्यावर भागलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. ते पाणी चाखतही. चामराजपेटेत एका बारशाला गेलो होतो. यजमानीणबाईंनी हौसेनं चांदीच्या भांड्यातून पाणी दिलं. भावोजींनी घोट तोंडात धरला, डोळे मिटले, दोन्ही गालांत फिरवला आणि भरल्या बैठकीत विचारलं, “तुमचा संडास विहिरीपासून किती लांब आहे हो?” त्या घरचं बोलावणं आम्हाला पुन्हा आलं नाही. शिवाय प्रत्येक पाण्याचा नमुना हवा म्हणून खाणीतल्या साहेबांच्या रिकाम्या ब्रँडीच्या बाटल्या त्यांनी पेटीभर आणल्या होत्या. त्या भरून खिडकीत उन्हात ओळीनं ठेवत. गाळ बसला की रंग कळतो म्हणे. ह्यांचे वरिष्ठ सहकुटुंब घरी आले तेव्हा सात्त्विक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या घराच्या खिडकीत ब्रँडीची अशी पलटण उभी होती. “पाणीच आहे हो ते,” हे म्हणाले. “असं सगळेच म्हणतात,” वरिष्ठ म्हणाले.

एका उगादीला अक्कानं सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी, भावोजी उठायच्या आत, हंडाभर पाणी काढून घेतलं. थोड्या वेळानं ‘डुब’ झालं आणि भावोजी पांढरेफटक पडले. पाणी उतरलं होतं! कुणीतरी पंप लावलाय, म्हणून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात ते सणाच्या दिवशी डोकावून आले. पुरणाची होळिगे पानात निवली. शेवटी अक्काच म्हणाली, “अहो, मीच काढलं पाणी. सणाचा स्वयंपाक काय बिनपाण्यानं करू?” दुसऱ्या दिवशी भावोजींनी पाणी जागच्या जागी आलेलं पाहिलं, आणि काठावर बसूनच राहिले. मी कळशी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “तिकडे बायका अशाच कळश्या घेऊन माझी वाट बघायच्या. ‘काय जी, पानी उतरलं का?’ मी म्हणायचो, आहे, आहे. साहेबाला खरं सांगायचो. त्यानं काही पंप थांबायचे नाहीत. इंदू, सगळी नोकरी मी विहिरी उतरतानाच पाहिल्या. उतरलेली पुन्हा चढलेली ही एकच.”

त्या दिवशी दूध उतू गेलं.

पुढे गल्लीत नळ आले. विहिरीची गरज राहिली नाही आणि डास मात्र राहिले, म्हणून विहीर बुजवून तिथं न्हाणीघर बांधायचं आम्ही ठरवलं. मी कामांच्या कागदावर तसं लिहिलं, गवंडी ठरवला, मातीच्या गाड्या सांगितल्या. भावोजींना सांगितलं तेव्हा म्हणाले, “तुझं घर आहे बाई.” आणि दुपारभर चिंच लावून पितळी वजन घासत बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे माजघरात जोडे वाजले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सगळं घर निवांत झोपलं होतं, आणि मी टक्क जागी. सकाळी चुलीपाशी अक्का म्हणाली, “बुजव हवी तर. पण ह्यांना सकाळी काय सांगून उठवायचं, ते तेवढं तूच सांग.”

गाड्या मी परत पाठवल्या. विहिरीवर फरशी टाकायला सांगितली, आणि फरशीत मधोमध एक वाटीएवढं भोक.

“याके, अम्मा?” गवंड्यानं विचारलं. का, हे त्याला काय सांगणार? “असू दे,” म्हटलं. “आणि त्यावर लाकडी झाकण.” न्हाणीघर राहिलं ते राहिलंच.

फरशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जोडे वाजले. आता त्या विहिरीतून कुणी थेंब काढत नव्हतं. ती दिवसभर, रात्रभर झोपलेलीच. मी म्हटलंही, “भावोजी, आता कॉफी घेऊन सावकाश मोजत जा. केव्हाही मोजलं तरी सारखंच.” तर म्हणाले, “छे, छे. तिला पहाटेची सवय आहे.” फरशीच्या भोकातून ‘डुब’ जरा खोल, घुमल्यासारखं येई. मग आमच्याकडे वळून, नळ उघडायला जणू त्यांचीच परवानगी लागते अशा थाटात, “हं, काढा आता.”

भावोजी गेले त्याला आता बराच काळ झाला. वजन अक्कानं स्वयंपाकघरात खुंटीला टांगलंय. पहाटे नळाला पाणी येतं, गल्लीभर घागरींचा खणखणाट सुरू होतो, आणि मी कळशी घेऊन घाईनं नळाशी जाते. अक्का आधीच तिथं उभी असते, तोटीवर हात ठेवून.

“थांब गं स्वल्प,” म्हणते.

आणि परसाकडे कान लावते. परसात काही वाजत नाही. मग ती हात काढते.

“हं, काढ आता.”