सिस्टरची मोटरसायकल, मास्तरांची धास्ती

मोटरसायकल दारात आली त्या दिवशी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावेच शिवले. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. शिवण उसवत बसले आणि मधूनमधून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर त्यांची बायको सीटवरची धूळ फडक्यानं झटकत होती आणि तिचा धाकटा भाऊ उकिडवा बसून मागचं चाक हातानं फिरवून बघत होता.

मास्तर शिलाईचे. रस्त्यालगतच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. बायको नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. चारचौघांत मास्तरही सिस्टरच म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, लघवीची नळी बदलायची, कूस कशी बदलावी ते घरच्यांना शिकवायचं, हे तिचं काम. ती ज्या संस्थेत होती तिची गाडी न्यायला यायची तोवर मास्तरांना झोप लागत होती. मग संस्थेनं डोंगरावरच्या वस्तीला गाडी पाठवणं बंद केलं. वरच्या पेशंटना खाली आणा म्हणाले.

"ज्यांना कूस बदलता येत नाही ते डोंगर कसा उतरणार?" सिस्टर जेवताना म्हणाली. "मी मोटरसायकल घेते. जुनी. चालवता येते मला."

येत होतीच. लग्नाआधी ती वडिलांची गाडी घेऊन कॉलेजला जायची. मास्तरांनी ही गोष्ट अनेकदा कौतुकानं ऐकली होती, पण गोष्ट ऐकणं वेगळं आणि तीच गोष्ट पेट्रोल भरून दारात उभी राहणं वेगळं. ते स्वतः कधी सायकलवरसुद्धा बसले नव्हते. मशीनसमोरच्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. वाळू पसरली, तेल सांडलं की तिथं गाड्या घसरायच्या. बहुतेक लोक कपडे झटकून पुढे जात. काही उठत नसत, मग गर्दी जमायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मास्तरांना वैऱ्याची गरजच नव्हती, खिडकी पुरेशी होती.

मेहुणा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. गाडी त्यानंच पारखून आणली होती. हात पुसत तो खोलीत आला.

"भाऊजी, इंजिन झकास आहे. पण दोन्ही टायर बदलून घ्या. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर म्हातारं झालंय, नख रुतत नाही. ब्रेक नवे घाला, चेन बदला. आणि तिच्या औषधांसाठी मागे एक कुलपाची पेटी. बाकी काही नको. माझी या आठवड्यात डबल ड्युटी आहे, तेवढं तुम्ही बघाल ना?"

"बघतो की," मास्तर म्हणाले. बायकोच्या जिवाचा प्रश्न होता. स्वतः बघणार नाहीत तर कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी ते गाडी हातानं ढकलत गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं ब्रेक आणि चेन लगेच बसवून द्यायचं कबूल केलं, पण या मापाचे टायर शहरातून मागवावे लागतील म्हणाला. गाडी होईपर्यंत मास्तर शेजारच्या दुकानात शिरले. छतापासून जमिनीपर्यंत चकचकीत वस्तू टांगल्या होत्या. दुकानदार गोडबोल्या होता. मास्तरांच्या चेहऱ्यावरची धास्ती त्यानं पायरीवरच वाचली.

"घरचं माणूस चालवणार आहे? मग समोरच्याला गाडी दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे. निम्मे अपघात तिथेच टळतात, काका."

मास्तरांना हे अगदी पटलं. त्यांना भीती होती ती समोरून येणाऱ्याची, मागून धडकणाऱ्याची. धुक्यातले दोन पिवळे दिवे घेतले. ट्रकचा वाटावा असा हॉर्न घेतला. फोन अडकवायला हँडलवरची पकड, फोन चार्ज करायची सोय, थंडीत बोटं गारठू नयेत म्हणून तापणाऱ्या मुठी, पाठीला टेकण, आणि पायांपुढे लोखंडी क्रॅश गार्ड. प्रत्येक वस्तूबरोबर छातीवरचा एकेक दगड उतरल्यासारखं वाटत होतं. कुलपाच्या पेटीला जागाच उरली नाही, कारण तिथं टेकण बसलं.

"टायर बदलायचे म्हणतोय मेहुणा," त्यांनी जाता जाता विचारलं.

दुकानदारानं बाहेर येऊन टायरवरून हात फिरवला. "नक्षी बघा ना. वर्ष काढतील आरामात."

मास्तरांना तेच ऐकायचं होतं. काळ्या टायरच्या जागी काळे टायर, त्यात दिसणार काय? त्यांनी गॅरेजवाल्याला सांगितलं, टायरचं नंतर बघू. दिव्यांच्या वायरी दुकानातल्या माणसानंच जोडून दिल्या.

संध्याकाळी सिस्टरनं गाडीभोवती एक फेरी मारली. हॉर्न दाबून बघितला. समोरच्या घरातली मांजर कुंपणावरून पडली.

"अहो, ही गाडी आहे की आगीचा बंब? नाकापेक्षा मोती जड झालाय."

"सगळं सेफ्टीचं आहे."

"बरं. आणि टायर?"

मास्तर सुईत दोरा ओवत होते. "मागवलेत," ते म्हणाले.

त्या एका शब्दानं त्यांचं पुढचं सगळं बिघडलं. सिस्टर रोज सकाळी निघायची, हेल्मेटचा पट्टा आवळायची, आणि मास्तर खिडकीपाशी येऊन उभे राहायचे. दिवे आहेत, हॉर्न आहे, गार्ड आहे, असं ते स्वतःला बजावायचे. आणि मग नजर मागच्या चाकावर जायची. एकदा ती दवाखान्यात औषधं आणायला चालत गेली असताना ते गाडीपाशी गेले आणि टायरमध्ये नख रुतवून बघितलं. नखच दुमडलं. त्याच पावली गॅरेज गाठलं आणि टायर खरोखर मागवले. गुरुवारी येतील, गॅरेजवाला म्हणाला. आता आपण खोटं बोललो नव्हतो, फक्त थोडं आधी बोललो होतो, अशी समजूत त्यांनी घालून घेतली. ती काही फार वेळ टिकली नाही.

मंगळवारी जेवण करून सिस्टर डोंगरावर गेली. तिथल्या एका आजींच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्या होत्या, त्यांचं ड्रेसिंग होतं. दुपार कलली तसं डोंगराचं टोक दिसेनासं झालं, मग मधला कडा, मग झाडं. धुकं खाली उतरत होतं. मास्तरांनी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गाडीवर असेल, उचलणार कशी? थोड्या वेळानं पुन्हा लावला. फोन बंद.

आता मनाला आवर राहिला नाही. बॅटरी संपली असेल, असं एक मन म्हणे. चार्जर तूच बसवलास ना, मग संपेल कशी, असं दुसरं. त्यांनी आजींच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "सिस्टर केव्हाच निघाल्या. पोचल्या नाहीत अजून?"

मास्तरांनी मेहुण्याला फोन केला. काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही. मेहुणा मित्राचा पिकअप घेऊन आला आणि दोघं डोंगराकडे निघाले. पुलापलीकडे काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मेहुणा गाडी चालवत नव्हता, चाचपडत नेत होता. मास्तर काचेला नाक लावून रस्त्याची कड बघत होते.

"टायर बदलले ना, भाऊजी?" मेहुण्यानं सहज विचारलं.

मास्तर बाहीनं काच पुसत राहिले. मेहुण्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

वरच्या वळणाच्या अलीकडे धुक्यात एक बारीक उजेड डावा-उजवा हलताना दिसला. जवळ गेल्यावर उजेडामागे माणूस दिसलं. सिस्टर रस्त्याच्या कडेला उभी राहून, पेशंटचे घसे तपासायच्या टॉर्चनं येणाऱ्या गाड्यांना सावध करत होती. तिच्यामागे मोटरसायकल अर्धी रस्त्यात आडवी पडली होती. एकटीला ती उचलवत नव्हती.

मास्तर पिकअप थांबायच्या आधीच उतरले आणि धडपडले. तिच्यापर्यंत पोचून त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तिच्या डाव्या कोपरावर पट्टी होती. स्वतःची स्वतःच बांधलेली, एका हातानं, तरी नीट.

"मनगट मुरगळलंय. बाकी धड आहे मी," ती म्हणाली. "आधी गाडी बाजूला घ्या, कुणीतरी येऊन आपटेल."

गाडी कडेला घेतल्यावर तिनं सांगितलं. धुकं दाटलं म्हणून तिनं पिवळे दिवे लावले, हात गारठले म्हणून मुठीही तापवल्या. वळणाच्या आधी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, हँडलखालून धूर निघाला आणि सगळं एकदम विझलं. दिवे गेले, हॉर्न गेला, इंजिनही बंद पडलं. समोरचं काही दिसेना. तिनं ब्रेक दाबला आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक साबणासारखं सटकलं. गाडी क्रॅश गार्डवर आपटली, म्हणून पाय खाली सापडला नाही. फोन पकडीतून उडून दरीत गेला.

मेहुण्यानं वायरी बघितल्या. सगळ्या वस्तू एकाच बारीक वायरीला जोडलेल्या, मध्ये फ्यूज नाही. "एवढ्याशा गाडीची वीज ती केवढी," तो म्हणाला, "आणि तिच्यावर एवढा भार." मग मास्तरांचं तोंड बघून त्यानं विषय सोडला आणि दोर शोधायला पिकअपकडे गेला.

मास्तर दगडावर बसले. "टायर मागवलेत म्हणालो तेव्हा मागवले नव्हते," ते म्हणाले. "नंतर मागवले. गुरुवारी येणार आहेत."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"गॅरेजवाल्याला विचारलं होतं मी काल."

"मग निघालीस कशाला अशी?" मास्तरांचा आवाज चढला. त्यांना स्वतःलाच ते नवीन होतं.

"आजींची जखम गुरुवारपर्यंत थांबली नसती," सिस्टर म्हणाली. मग तीही त्यांच्याशेजारी बसली. "हळू गेले तर भागेल असं वाटलं. वाटायला नको होतं. आणि दिव्यांचं मला कुठे ठाऊक होतं? चांगलेच होते की दिवे."

मेहुणा दोर घेऊन आला तसं मास्तरांनी उठून गाडी पिकअपवर चढवायला त्याला हात दिला.

गुरुवारी टायर बसले. या खेपेला मास्तर गॅरेजमध्ये काम संपेपर्यंत उभे होते. हॉर्न, मुठी, टेकण उतरवलं. टेकणाच्या जागी पेटी आली, तिच्यात सिस्टरची औषधं न हिंदकळता बसली. पिवळा एकच दिवा ठेवला, तोही डेपोतल्या इलेक्ट्रिशियननं फ्यूज घालून नव्यानं जोडून दिला. क्रॅश गार्डला कुणी हात लावला नाही. काढलेल्या वस्तू परत घ्यायला दुकानदारानं साफ नकार दिला. मास्तरांनी वाद घातला नाही. त्या माणसानं आपल्याला काही विकलं नाही, आपणच त्याच्याकडे धीर विकत घ्यायला गेलो होतो, असं त्यांनी मेहुण्याला सांगितलं.

सिस्टरचं मनगट बरं होईपर्यंत मास्तरांनी तिच्यासाठी जाड कापडाचं जॅकेट शिवलं, कोपरांना आणि खांद्यांना फोमच्या गाद्या घालून. पहिलं अंगात घालून ती गाडीवर बसली आणि बाह्या कोपरापर्यंत वर सरकल्या. मापं उभ्यानं घेतली होती. मग मास्तरांनी तिला अंगणात गाडीवर बसवलं, हँडल धरायला लावलं आणि टेप घेऊन भोवती फिरले. पाठ वाकते ती किती, खांद्यापासून मुठीपर्यंत लांबी किती, मान वळवली की कॉलर कुठे रुतते. शेजारची माणसं गंमत बघायला जमली. सिस्टर म्हणाली, "आटपा, नाहीतर तिकीट लावावं लागेल." मास्तरांनी लक्ष दिलं नाही. दुसरं जॅकेट चपखल बसलं.

ती पुन्हा डोंगरावर जायला निघाली त्या सकाळी मास्तर दारात आले आणि मेहुण्याचं हेल्मेट डोक्यावर चढवून उभे राहिले.

"मी येतो मागे बसून."

सिस्टरनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "रस्ताभर देवाचा धावा करणार नसाल तर बसा."

पुलापर्यंत त्यांनी तिचे खांदे असे आवळले की तिला गाडी थांबवावी लागली. "अहो, हाडं मोडतील माझी. मागची कडी धरा." त्यांनी कडी धरली. चढ सुरू झाला. सिस्टर वळणाआधी वेग कमी करायची, कड सोडून आत राहायची, खडी दिसली की चाक तिच्याशेजारून अलगद काढायची. मास्तरांना ते हळूहळू दिसायला लागलं. ती घाई करत नव्हती. वरच्या वळणाला त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. तेव्हा ते वळण मागे पडलं होतं.

आजींच्या घरी ते पायरीवर बसून राहिले. आतून आजींचं कण्हणं ऐकू आलं, सिस्टरचा हलका आवाज आला, मग बऱ्याच वेळानं आजी कशालातरी हसल्या.

"पुन्हा याल?" घरी आल्यावर सिस्टरनं विचारलं.

"नको. एकदा बघितलं, पुरे."

मास्तरांची काळजी गेली नाही. गेली असती तर त्यांनाच चुकल्यासारखं झालं असतं. पण पूर्वी ती वाट फुटेल तिकडे धावायची, आता तिला रस्ता ठाऊक आहे. सिस्टर डोंगरावर निघाली की मास्तर मशीनवर बसल्या बसल्या तिच्याबरोबर चढतात: हा पूल, हा खडीचा तुकडा, ही दोन सोपी वळणं. वरच्या वळणाशी त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर थांबतो. गिऱ्हाईक समोर असेल तर तेही थांबतं. मग मास्तर मान हलवतात आणि शिवण पुढे सुरू होते.