अर्ध्यावरचा काटा

लाखांदूरच्या रस्त्यावर आमची हायब्रिड गाडी बंद पडली, तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता आणि टाकी कोरडी. त्या दिवसापासून बायको गाडीत बसेना.

भंडाऱ्याच्या शोरूममधल्या मेकॅनिक बाईचं नाव मी विचारलंच नाही. अंबाड्यात टेस्टर खोचलेला, बोलणं मोजकं.

"काटा चांगला आहे जी," ती म्हणाली. "टाकीत पेट्रोलवर तरंगते तो फ्लोट अडकला होता. काट्याले कोणी खबरच देत नव्हतं."

दुरुस्ती झाली, तरी किल्ली देईना. "मॅडमले घेऊन या."

बायको कुरकुरत आली. बाईनं तिला स्टिअरिंगमागे बसवलं, बटण दाबून काटा चालू केला, त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं आणि किल्ली खिशात घेऊन मागे जाऊन कॅनमधून मापानं पेट्रोल ओतायला लागली.

"एवढं कायले?" मी विचारलं.

"आमचे बाबा सानगडीले तलावाचं पाणी वाटत. सोडायच्या आधी पाणी किती हाये ते पाहाले सगळ्याइले तलावाच्या उघड्या पायऱ्या मोजाले लावत. मंग कोणी भांडत नव्हतं."

काटा चढत असावा. बाईनं तिकडे एकदाही पाहिलं नाही. ती बाजूच्या आरशात बायकोचा चेहरा पाहत होती. चौथ्या मापाला तिनं कॅन खाली ठेवला.

"झालं," म्हणाली.

मी पुढे आलो, तर बायकोनं बेल्ट लावला होता आणि किल्लीसाठी हात पुढे केला होता.