लघुग्रहांकडे निघालेलं नाव

त्या सकाळी मी चंद्रप्रभाकाकूंच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. इंदिरा नगरात आमची दारं समोरासमोर. काका हवाई दलातून निवृत्त झाले आणि दोघं इथं हिंदी मुलखातच राहिली; आता काकू एकट्याच. थाप पडली की आतून आधी "कौन?" विचारणार, मग साखळी लावूनच दार उघडणार. दूधवालासुद्धा त्या फटीतूनच पिशवी देतो.

थाप पडली. वरच्या मजल्यावरची देविका होती, विद्यापीठात संशोधन करणारी; आमची मराठी तिला कळते, बोलते मात्र हिंदीच.

"काकू, आपका नाम अंतरिक्ष में जा रहा है!"

तिनं फटीतून मोबाईल धरला. प्राचीन लघुग्रह बघायला एक मानवरहित यान निघणार होतं, त्याच्यासोबत लोकांची नावं कोरलेली चकती जाणार होती. पडद्यावर प्रमाणपत्र: चंद्रप्रभा जाधव.

"माझं नाव कुठून उचललंस?"

"दरवाज़े की पाटी से. सरप्राइज़ था!"

"न विचारता? आता ओटीपी मागशील."

"अरे नहीं यार काकू..."

"यार कुणाला म्हणतेस गं?"

मला हसू आलं. काकूंना नाही. यान कुणाचं, नावांचं पुढं करतात काय, आणखी कुणाकुणाची घेतलीस, सगळी उलटतपासणी फटीतूनच. शेवटी विचारलं, "परत कधी येणार ते?"

"नहीं आएगा. वो पत्थर साढ़े चार सौ करोड़ साल पुराने हैं, ग्रह बनते-बनते रह गए. यान उनके पास से गुज़रेगा, फिर घूमता ही रहेगा."

"म्हणजे नाव पुसता यायचं नाही?"

"आज शाम तक बदल सकते हैं. फिर कभी नहीं."

काकू त्या प्रमाणपत्राकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, चंद्रप्रभा. मलाही तेव्हाच कळलं, आजपासून आपण कोण ते."

अकरा वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

"आधार कार्ड मागणार नाहीस?"

"नहीं, काकू."

"सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार नाहीस?"

"कसम से."

काकूंनी तिला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. साखळी काही काढली नाही.

"मग ते चंद्रप्रभा खोड," त्या म्हणाल्या, "आणि तिथं द्वारका लिही."