टेकडीवरचा सल्ला

माझा स्वभाव संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. भाजीवाल्याने काकडी गोड आहे म्हटलं की मी म्हणते, चकती कापून दे. डब्यावर ‘शुद्ध’ असं जेवढं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल, तेवढी मी मागची बारीक अक्षरं नीट वाचते. आता एवढंही करायचं नाही म्हणजे काय?

त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या ह्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेव्हा सल्ले द्यायला जिन्यात, दारात, फोनवर जी माणसं उभी राहिली, त्या प्रत्येकाला मी एकच विचारत असे : आपण स्वतः घेता का? मेथीचं पाणी सांगणारी शेजारीण गॅसवरच्या दुधाचं निमित्त करून घरात पळाली. पावडरचा डबा घेऊन आलेली माझी मावसबहीण तर रुसूनच गेली. ह्यांना माझ्या या प्रश्नाची भारी लाज वाटायची. लोक आपुलकीने सांगतात आणि तू उलटतपासणी घेतेस, म्हणायचे.

ह्यांचा खरा विश्वास होता तो टेकडीवरच्या एका गृहस्थांवर. सकाळी फिरायला जाणाऱ्या घोळक्याचे ते म्होरके. पांढरी टोपी, पांढरे बूट, खणखणीत आवाज. त्यांनी सांगितलं, रोज उपाशीपोटी दुधीचा कच्चा रस घ्या, दिवाळीपर्यंत गोळी सुटेल. झालं! ह्यांना ती गोळी म्हणजे म्हातारपणाचा शिक्का वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मिक्सर घरघरायला लागला. मला त्या गृहस्थांना गाठायचं होतं, पण ह्यांनी मला टेकडीवर येऊच दिलं नाही.

मग मीच ह्यांना जवळजवळ ओढत सदाशिव पेठेतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तिथेही कपाटात विकायचे डबे आहेत का ते आधी पाहिलं. नव्हते. भिंतीवरची पदवी चष्मा लावून वाचली. बाईंनी काहीच गळ्यात मारलं नाही, हेच मला जरा विचित्र वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, काय जेवता, किती वाजता, भात किती, गोळी वेळेवर घेता का. मग म्हणाल्या, भाकरी, उसळ, भाजी, भात थोडा, रात्रीचं जेवण लवकर. दुधी हवा तर भाजी करून खा. आणि गोळी मनाने बंद करू नका. बाहेर पडल्यावर हे फणफणले. घरची भाजी खा, हे ऐकायला फी द्यायची? इतका साधा सल्ला खरा असू शकतो, हे ह्यांच्या काही पचनी पडेना.

मिक्सर चालूच राहिला. दुधी किंवा काकडी चिरताना आपण बायका एक तुकडा जिभेला लावून बघतो. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आईच्या शेजारी ओट्याशी उभं राहून येतं. ह्यांनी मात्र आयुष्यात भाजी चिरलेली नव्हती. चाखून बघत जा, असं मी बजावलं होतं. हे “बरं” म्हणाले होते. ह्यांचं ‘बरं’ म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

एका सकाळी ओट्यावर उरलेला अर्धा दुधी मी भाजीला घेतला आणि सवयीने तुकडा चाखला. कडूजहर. तसाच थुंकला. बाहेर धावले, तर हे तोंड वाकडं करून रिकामा पेला खाली ठेवत होते.

“कडू लागला?” मी विचारलं.

“औषध कडूच असायचं. कारलं नाही का आपण खात?”

अहो, कारलं कडू असतंच. दुधी कडू निघाला तर तो विषारी, एवढं मला माझ्या आईने सांगितलेलं होतं. मी दवाखान्यात चला म्हटलं, तर हे वर्तमानपत्र उघडून बसले. अग्रलेखापर्यंत पोचायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. रिक्षात ह्यांचा हात माझ्या हातात गार पडला होता. त्या पांढऱ्या टोपीचा मला इतका संताप आला होता की रडूही येत नव्हतं, आणि आत नुसती भीती.

रस कडू होता का, हाच डॉक्टरांचा पहिला प्रश्न. मी पिशवीतून दुधीचा तुकडा काढून दाखवला. रक्तदाब फार खाली गेला होता. “लगेच आणलंत म्हणून...” एवढं म्हणून डॉक्टर सलाईनकडे वळले. पुढचं मी विचारलं नाही.

ह्यांनी उठून बसून पेज घेतली, त्या संध्याकाळी टेकडीवरचे गृहस्थ भेटायला आले. फार वाईट वाटलं म्हणाले. दुधी नेमका खराब निघाला म्हणाले. आणि पिशवीतून एक हिरवीगार बाटली काढून ह्यांच्या उशाशी ठेवली. गव्हांकुरांचा रस, अशक्तपणा पार जाईल.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी सलाईनचा हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, अजूनही ह्यांना माझीच लाज वाटतेय. ह्यांचा आवाज खोल गेला होता.

“आपण स्वतः घेता का?”

गृहस्थांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“छे हो, मला कच्चं काही सोसत नाही,” ते म्हणाले. “मी आपली डॉक्टरांची गोळी घेतो.”