शेंदराखालचं फ्रेंच घराणं

पाचवीत माझी शाळा दोनदा सुटली, कारण कुरणं सुटली. चिकलठाण्याच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठत गेल्या, तशी आमची मेंढरं पैठणच्या अंगाला सरकत गेली. घर म्हणजे काठ्यांवर ताणलेलं एक पाल. भाकरीबरोबर मिरची, मिरची नसली तर मीठ. वडलांना अंगठ्याशिवाय सही माहीत नव्हती. त्या पालातून मी बी. ए. झालो, आणि हे मी छाती पुढं काढूनच सांगतो.

एम. ए.च्या लघुप्रबंधाला सरांनी विषय दिला तो असा: पाँडिचेरीच्या वसाहतीत अगदी सुरुवातीला येऊन राहिलेलं एक फ्रेंच घराणं. त्यातला एक नातू निजामाच्या तोफखान्यात चाकरीला इथं मराठवाड्यात आला, आणि तिथून पुढं कागद गप्प. सर म्हणाले, "तो इथंच मेला की परत गेला, एवढंच शोध. पुरावा आणलास तर प्रबंध, नाही तर गप्पा."

दीड वर्ष सायकल हाणली. छावणीच्या दफनभूमीत सगळे इंग्रज. फारसी कागद वाचून देणारे मौलवी दहा हेलपाट्यांत एकदा भेटायचे. त्यात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं. माझ्या बाकावरचा मित्र मोर्चात होता. त्याची मागणी मला पटत होती. पण विद्यापीठ उघडायचं आणि चार दिवसांत बंद व्हायचं. ग्रंथालयाचं कुलूप बघून मी परत. घरी वडील तयारच असायचे.

"सारा मराठवाडा एका नावापायी पेटलाय, अन् तू मेलेल्या गोऱ्याचं नाव हुडकतूस व्हय? लई शिकलास!"

चीड यायची. पुन्हा सायकल काढायचो.

शेवटी एका फारसी कागदात ओळ निघाली: तोफवाल्याची बाग चिकलठाण्याच्या ओढ्यालगत. ओढ्यालगत तर आमचा देव, आम्ही सरकलो तरी तिथंच राहिलेला! लोकर कातरली की पहिली मूठ त्याच्यापुढं ठेवायची, मग शेंदूर लावायचा, ही आमची रीत. अंगावर बोटभर जाड थर चढलेला. नीट बघितलं, तर दगड वरून गोल, बाजू सरळ घडवलेल्या. माळावरचा दगड असा नसतो. मी नखानं शेंदूर उकरणार तोच वडील ओरडले, "हात मोडून ठेवीन!"

शेंदूर काढू का, म्हणून देवाला कौल लावला. ओल्या दगडाला चिकटवलेले ज्वारीचे दोन दाणे. उजवा आधी पडला तर होकार. तीन रविवार डावाच पडला. वडील गालात हसायचे आणि मी दात खायचो.

मग कारखान्याची भिंतच ओढ्यापर्यंत आली. ठेकेदारानं देव हलवायला आठ दिवस दिले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पण आमच्यात देव हलवायचा तर शेंदराची जुनी खोळ उतरवून, ती नदीत सोडून मगच. जे मला तीन रविवार मिळालं नाही, ते वडलांनी स्वतःच्या विळ्यानं केलं. खोळ निघाली आणि खाली अक्षरं.

फ्रेंच मला येत नव्हतं, पण दीड वर्ष वहीत गिरवलेलं ते आडनाव मी ओळखलं. खाली एक साल, त्याखाली दुसरं एक नाव, आडनाव तेच.

"कुणाचं हाय?" वडलांनी विचारलं.

"गोऱ्या तोफवाल्याचं. थडगं हाय, बा."

वडलांनी विळा खाली ठेवला. "तोफवाला व्हता ना? मग राखण बरी केली त्यानं. लांडगा कधी फिरकला नाय. काय लिहायचं ते दिवस कलायच्या आत लिही. नव्या जागी मी त्याला उघडा ठेवणार नाय."

ठेकेदाराच्या मुकादमाकडून खाकी कागद मागून मी दगडावर धरला आणि कोळसा घासून अक्षरं उठवून घेतली. सर म्हणाले, "दगड दाखव." त्यांना घेऊन नव्या जागी गेलो, तर दगड पुन्हा शेंदरी. सरांनी कपाळाला हात लावला; वडलांनी त्यांच्याकडून नारळ फोडून घेतला. नशीब, कोळशाचा कागद सरांनी फ्रेंच जाणणाऱ्याकडून वाचून घेतला. साल मृत्यूचं होतं, आणि दुसरं नाव बापासाठी हा दगड बसवणाऱ्या त्याच्या मुलाचं.

विद्यापीठ उघडल्यावर, सहा महिने उशिरानं, प्रबंध मंजूर झाला. तो तोफवाला परत गेला नव्हता. तो इथंच मेला आणि त्याचा मुलगाही इथंच होता, हे सिद्ध झालं. आणि मी आमच्या घरातला पहिला एम. ए. झालो.