चुकलेल्या चित्राला टाळ्या

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

सकाळी पीएचडीचं प्रेझेंटेशन होतं. केमिकल कंपनीतल्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे मोठ्या बंद टाकीत, खालून हवा सोडली की बुडबुडे कसे फिरतात, ते मी कॉम्प्युटरवर शोधते. आज दोन चित्रं दाखवली. पहिलं लाल-निळं, भोवऱ्यांचं, पण साफ चुकलेलं. त्यात खालून सोडलेली हवा मधेच गायब होते. चूक कळावी म्हणूनच ते ठेवलं होतं. दुसरं बरोबर, पण फिकट.

पहिलं दिसताच परीक्षक खूश. "वा! हेच थिसिसच्या कव्हरवर घ्या!"

"सर, पण हे चुकलंय."

"असू दे हो, दिसतंय छान. दुसऱ्यात काही दमच नाही."

मी माझ्या गाईडकडे बघितलं, तर ते टाळ्या वाजवत होते! बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, पास झालीस ना? मग कशाला वाद घालतेस?"

त्या फिकट चित्रापायी माझं अख्खं वर्ष गेलंय हो. गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमधून स्कूटीवर रडत घरी आले.

दोन्ही चित्रं खाली टाकतेय. लाईक करायच्या आधी तुमच्यापैकी एक जण तरी विचारेल का, की हवा गेली कुठे?